एबल, केपेबल की कॉम्पिटंट? क्षमता आणि अक्षमता सांगणारी इंग्रजी विशेषणं कशी निवडायची

'आय ॲम इनकेपेबल ऑफ अटेंडिंग टुमॉरोज मीटिंग.'

ईमेलमध्ये हे वाक्य लिहिणाऱ्याला एवढंच कळवायचं असतं की उद्या मला बैठकीला येता येणार नाही. व्याकरण बरोबर आहे, शब्दकोशात 'इनकेपेबल'चा अर्थ 'असमर्थ' असाच दिलेला आहे. पण वाचणाऱ्याला त्यातून भलतंच कळतं: बैठकीला हजर राहणं या माणसाच्या मुळातच आवाक्याबाहेरचं आहे. इथे साधं 'आय ॲम अनएबल टु अटेंड' हवं होतं.

असं होण्याचं कारण आपल्या भाषेच्या सवयीत आहे. क्षमता सांगायला मराठी सहसा विशेषण वापरत नाही, क्रियापद वापरते. 'मला पोहता येतं' म्हणजे शिकलेलं कौशल्य. 'मी तिथपर्यंत पोहू शकतो' म्हणजे शक्यता किंवा ताकद. 'आता मला पोहवत नाही' म्हणजे इच्छा आहे, पण शरीर साथ देत नाही. तीन वाक्यं, तीन छटा, आणि कुठेही विशेषण नाही. इंग्रजीतही 'कॅन' आहेच, पण त्याच्या जोडीला पंधरा-वीस विशेषणं आहेत आणि त्यातलं प्रत्येक विशेषण माणसाबद्दल काहीतरी वेगळा निवाडा देतं. आपण इंग्रजी लिहायला बसलो की प्रत्येक 'शकतो'चं 'एबल' करून मोकळे होतो, किंवा शब्दकोशात 'सक्षम'समोर दिसेल तो शब्द उचलतो.

म्हणून शब्दांची यादी पाठ करण्याऐवजी काही प्रश्न ठराविक क्रमाने विचारायची सवय लावून घ्या. पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे.

पायरी १: गोष्ट प्रसंगाची आहे की प्रकृतीची?

'एबल' आणि 'अनएबल' ही जोडी प्रसंगाची. आज, या वेळी, या परिस्थितीत जमतंय की नाही एवढंच ती सांगते. 'केपेबल' आणि 'इनकेपेबल' ही जोडी प्रकृतीची. माणसाच्या किंवा वस्तूच्या अंगात ते आहे की नाही, हे ती सांगते. लॅटिनमध्ये 'केपेबल'चं मूळ 'धरणे, सामावून घेणे' या अर्थाच्या धातूत आहे आणि 'कपॅसिटी' हा शब्दही त्याच कुळातला. अंगात सामावलेलं ते केपेबल, अशी खूणगाठ बांधली तर फरक सहज लक्षात राहतो.

एकाच माणसाबद्दलची ही दोन वाक्यं पाहा.

'शी इज केपेबल ऑफ रनिंग अ मॅरेथॉन.' तिच्यात मॅरेथॉन धावण्याची ताकद आहे. उद्या धावेल की नाही, याबद्दल हे वाक्य काहीच सांगत नाही.

'शी इज अनएबल टु रन धिस वीक.' पाय मुरगळला असेल, सुटी मिळाली नसेल. या आठवड्यात जमणार नाही, एवढंच.

ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात. तिच्याबद्दल 'इनकेपेबल ऑफ रनिंग' म्हटलं, तर मात्र पहिलं वाक्य खोटं ठरतं.

'इनकेपेबल'ला स्वभावाचा अर्थही चिकटलेला आहे. 'ही इज इनकेपेबल ऑफ लाइंग' ही निंदा नाही, मोठी स्तुती आहे: खोटं बोलणं त्याच्या स्वभावातच नाही. मराठीत आपण 'त्याच्याकडून खोटं बोलणं व्हायचंच नाही' म्हणतो, अगदी तसं. उलट 'ही इज केपेबल ऑफ एनीथिंग' हे वाक्य दिसायला कौतुकाचं असलं तरी बहुतेक वेळा इशारा असतो. हा माणूस कुठल्याही थराला जाऊ शकतो, असा त्याचा सूर. 'केपेबल ऑफ'च्या पुढे चांगलं काम आलं तर कौतुक, वाईट काम आलं तर सावधगिरीची सूचना, आणि 'एनीथिंग' आलं तर बोलणाऱ्याचा रोख बघावा लागतो.

कायद्याच्या भाषेतही हा प्रकृतीचा अर्थ टिकून आहे. लहान मुलाला गुन्ह्याचं भान असूच शकत नाही, या तत्त्वासाठी 'डोली इनकेपॅक्स' ही लॅटिन संज्ञा वापरतात. ब्रिटनमध्ये 'ड्रंक अँड इनकेपेबल' असा शब्दप्रयोग आहे. इतकी दारू प्यायलेला की स्वतःला सांभाळणंही जमत नाही, असा माणूस त्यात अभिप्रेत असतो.

रोजच्या पत्रव्यवहारासाठी माझा सल्ला सरळ आहे. स्वतःबद्दल नकार कळवताना 'इनकेपेबल' हा शब्द हाताशी ठेवूच नका. 'अनएबल' वापरा. तोही थोडा औपचारिक वाटत असेल, तर 'आय कान्ट मेक इट' किंवा 'आय वोन्ट बी एबल टु कम' लिहा.

पायरी २: विशेषणानंतर काय येतं?

अर्थाचा निर्णय झाला की जोडणीकडे वळायचं. चुका सर्वांत जास्त इथे होतात, आणि सुधारायलाही ह्याच सर्वांत सोप्या.

'एबल' आणि 'अनएबल'नंतर 'टु' आणि क्रियापदाचं मूळ रूप येतं: 'एबल टु रीड', 'अनएबल टु स्लीप'. 'केपेबल' आणि 'इनकेपेबल'नंतर 'ऑफ' आणि 'इंग' लावलेलं क्रियापद किंवा नाम येतं: 'केपेबल ऑफ रीडिंग', 'केपेबल ऑफ ग्रेट काइंडनेस'. 'केपेबल टु डू' आणि 'एबल ऑफ डुइंग' ही दोन्ही चूक. यातली पहिली चूक इतक्या ठिकाणी दिसते की ती डोळ्यांच्या सवयीची होऊन जाते, म्हणून लिहून झाल्यावर मजकुरात 'केपेबल टु' शोधून बघण्याची सवय फार उपयोगी पडते.

'कॉम्पिटंट'ला दोन वाटा आहेत. काम सांगायचं असेल तर 'टु': 'कॉम्पिटंट टु टीच फिजिक्स'. क्षेत्र सांगायचं असेल तर 'इन' किंवा 'ॲट': 'कॉम्पिटंट इन अकाउंटिंग'. 'प्रोफिशियंट'ला 'इन' सर्वाधिक जवळचा, विशेषतः भाषा आणि तांत्रिक विषयांसाठी. 'ॲट'ही चालतो. 'ॲडेप्ट'ला मुख्यतः 'ॲट'. 'स्किल्ड'ला 'इन' आणि 'ॲट' दोन्ही. 'वेल-व्हर्स्ड'ला फक्त 'इन', आणि तो शब्द माहिती व अभ्यासासाठी आहे, हातकामासाठी नाही. सुतारकामात माणूस स्किल्ड असतो, कायद्यात वेल-व्हर्स्ड असतो.

आणखी एक चूक वेगळी काढून सांगायला हवी: 'आय कॅनॉट एबल टु कम'. 'कॅन' आणि 'एबल टु' दोघं एकच काम करतात, त्यामुळे ते एकत्र येत नाहीत. 'आय कॅनॉट कम' किंवा 'आय ॲम नॉट एबल टु कम', यांपैकी एक. भविष्यकाळात मात्र 'एबल'शिवाय बऱ्याचदा चालत नाही, कारण 'विल कॅन' असं इंग्रजीत होत नाही. तिथे 'विल बी एबल टु' म्हणावं लागतं. 'मे', 'माइट', 'शुड' यांच्यानंतरही तसंच.

नामं करताना जरा जपून. 'एबल'चं नाम 'ॲबिलिटी', पण 'अनएबल'चं नाम 'इनॲबिलिटी'. उपसर्ग 'अन'चा 'इन' होतो. 'डिसॲबिलिटी' हे 'अनएबल'चं नाम नाही, तो वेगळाच शब्द आहे आणि त्याबद्दल पुढे स्वतंत्रपणे बोलायचं आहे. उच्चार करताना 'अनएबल' आणि 'एनेबल' यांतही गल्लत होते. 'एनेबल' हे क्रियापद, अर्थ 'समर्थ करणे' किंवा 'चालू करणे'. म्हणजे जवळपास उलटा अर्थ. बोलताना 'अन' स्पष्ट उच्चारून क्षणभर थांबलं तरी पुरे.

पायरी ३: जमलं, तो प्रसंग एकच होता का?

ही पायरी भूतकाळापुरती आहे, पण तिथे ती टाळता येत नाही.

'रस्त्यात खूप गर्दी होती, पण आम्ही वेळेत पोहोचू शकलो.' याचं इंग्रजी करताना 'वी कुड रीच ऑन टाइम' लिहिण्याचा मोह होतो. पण होकारार्थी वाक्यात 'कुड' सर्वसाधारण क्षमता दाखवतो: 'शी कुड स्विम ॲट फोर' म्हणजे चौथ्या वर्षी तिला पोहता यायचं. एखाद्या ठराविक वेळी प्रत्यक्ष साध्य झालेली गोष्ट सांगायची असेल तर 'वी वेअर एबल टु रीच ऑन टाइम' किंवा 'वी मॅनेज्ड टु रीच' असं लिहायचं. 'मॅनेज्ड'मध्ये अडचणीवर मात केल्याचा भाव जास्त आहे, म्हणून अशा वाक्यात मला तोच अधिक आवडतो.

नकारात हे बंधन नाही. 'वी कुडन्ट रीच' आणि 'वी वेअर अनएबल टु रीच' दोन्ही बरोबर. ऐकू येणं, दिसणं, वास येणं अशा क्रियापदांनाही सूट आहे: 'आय कुड हिअर द रेन' एका रात्रीबद्दल असलं तरी बरोबरच.

पायरी ४: जमतं, पण किती चांगलं?

आतापर्यंत जमतं की नाही एवढंच पाहिलं. आता दर्जा. इथे विशेषणांची चढती शिडी आहे, आणि पायरी चुकली तर कौतुक करायला जाऊन माणसाची किंमत कमी होते.

'कॉम्पिटंट' ही पहिली पायरी. काम नीट, चूक न करता, अपेक्षेइतकं करणारा. मराठीत आपण 'सक्षम' म्हणतो तेव्हा त्यात आदर असतो, आणि म्हणूनच 'कॉम्पिटंट' हा शब्द आपल्याला भारदस्त वाटतो. कायद्याच्या भाषेत त्याला तसं वजन आहेही: 'कॉम्पिटंट ऑथॉरिटी' म्हणजे सक्षम प्राधिकारी, ज्याला तो निर्णय घ्यायचा अधिकार आहे तो. पण कलाकाराच्या सादरीकरणाला समीक्षकाने 'अ कॉम्पिटंट परफॉर्मन्स' म्हटलं, तर कलाकाराने खूश होण्यासारखं त्यात फारसं काही नसतं. चुकलं नाही, पण रंगलंही नाही, असा तो शेरा आहे. शल्यचिकित्सक किंवा वैमानिक कॉम्पिटंट असणं ही खरी दिलासा देणारी गोष्ट आहे, कारण तिथे चूक न होणं हेच सर्वांत मोलाचं असतं. 'हायली कॉम्पिटंट' म्हटलं की शब्दाचं वजन लगेच वाढतं.

'प्रोफिशियंट' त्याच्या वर. सराव आणि शिक्षणातून आलेलं, मोजता येईल असं प्रभुत्व. भाषेच्या पातळ्या ठरवणारी जी युरोपीय चौकट कौन्सिल ऑफ युरोपने 2001 मध्ये प्रसिद्ध केली, तिच्यात ए1 ते सी2 अशा सहा पातळ्या आहेत. पहिल्या दोन पातळ्यांवरच्या माणसाला 'बेसिक यूजर', मधल्या दोन पातळ्यांवरच्याला 'इंडिपेंडंट यूजर' आणि सी1, सी2 या सर्वांत वरच्या पातळ्यांवरच्याला 'प्रोफिशियंट यूजर' म्हटलं आहे. म्हणजे बायोडेटात 'प्रोफिशियंट इन जर्मन' लिहिलं, तर ही चौकट माहीत असलेला वाचक सी1 किंवा सी2 ची अपेक्षा धरतो. रोजचे व्यवहार जमतात पण वर्तमानपत्रातला अग्रलेख अडखळत वाचावा लागतो, अशी स्थिती असेल तर पातळीच लिहावी. 'बी1' हे उत्तर प्रामाणिकही आहे आणि नेमकंही.

'ॲडेप्ट' हा निष्णात माणसाचा शब्द. काम सहजगत्या, सफाईने करणारा. 'ॲडेप्ट ॲट कामिंग पीपल डाउन' म्हणजे चिडलेल्या माणसांना शांत करण्यात हातखंडा असलेला. मोजमापाच्या परीक्षेपेक्षा अशा नाजूक कौशल्यांना हा शब्द शोभतो. 'ॲडॉप्ट' आणि 'ॲडॅप्ट' या दोन क्रियापदांशी त्याची गल्लत करू नका: पहिलं म्हणजे स्वीकारणे, दुसरं म्हणजे जुळवून घेणे. 'ॲप्ट' हा आणखी वेगळा. 'ॲप्ट टु फर्गेट' म्हणजे विसरण्याची शक्यता असलेला. त्यात कौशल्य काहीच नाही.

हातांच्या चपळाईसाठी 'डेफ्ट' आणि 'डेक्स्टरस' आहेत. 'डेक्स्टरस'चं मूळ लॅटिनमधल्या उजव्या हातात आहे. दोन्ही हातांनी सारख्याच सफाईने काम करणारा तो 'ॲम्बिडेक्स्ट्रस', म्हणजे शब्दशः दोन्ही हात उजवेच असलेला.

रोजच्या बोलण्यात मात्र या शिडीवर चढायची गरजच पडत नाही. 'शी इज गुड ॲट मॅथ्स', 'ही इज रिअली गुड विथ चिल्ड्रन' हे बोलीतलं सहज इंग्रजी. मित्राशी गप्पा मारताना 'प्रोफिशियंट' वापरणं म्हणजे घरच्यांशी परिपत्रकाच्या भाषेत बोलणं. विषय किंवा काम असेल तर 'गुड ॲट', माणसं, प्राणी किंवा यंत्रं हाताळणं असेल तर 'गुड विथ'.

पायरी ५: ही क्षमता आली कुठून?

उपजत असेल तर 'टॅलेंटेड' किंवा 'गिफ्टेड'. दोहोंत 'गिफ्टेड' अधिक वरचा, जन्मजात देणगीचा. कमावलेली असेल तर 'स्किल्ड', 'ट्रेन्ड', 'एक्स्पीरिअन्स्ड'.

'स्किल्ड' आणि 'स्किलफुल' यांतला फरक थोडक्यात असा: 'स्किल्ड' माणसाच्या तयारीबद्दल आहे, 'स्किलफुल' केलेल्या कामाच्या सफाईबद्दल. 'स्किल्ड वर्कर' म्हणजे प्रशिक्षित कारागीर. 'अ स्किलफुल रिप्लाय' म्हणजे चतुराईने, मोजूनमापून दिलेलं उत्तर. उत्तराला कोणी प्रशिक्षण देत नाही, म्हणून तिथे 'स्किल्ड' बसत नाही. ब्रिटिश लेखनात 'स्किलफुल'च्या स्पेलिंगमध्ये 'स्किल'चा एक एल गळतो, अमेरिकन लेखनात दोन्ही राहतात.

'क्वालिफाइड' हा शब्द मात्र सावकाश वाचण्यासारखा आहे. पहिला अर्थ सगळ्यांना माहीत आहे: आवश्यक शिक्षण, पदवी किंवा परवाना असलेला. 'अ क्वालिफाइड नर्स'. पण त्याचा दुसरा अर्थ 'अटींसह, मर्यादित' असा आहे. 'क्वालिफाइड सपोर्ट' म्हणजे पात्र माणसाने दिलेला पाठिंबा नव्हे, तर 'हो, पण' असा हातचं राखून दिलेला पाठिंबा. 'अ क्वालिफाइड सक्सेस' म्हणजे काही अंशी यश. आणि म्हणूनच 'ॲन अनक्वालिफाइड सक्सेस' म्हणजे निर्विवाद, पूर्ण यश. माणसाला 'अनक्वालिफाइड' म्हटलं तर तो अपात्र, यशाला म्हटलं तर ते शंभर टक्के.

हिशेब तपासणीत हा फरक थेट पैशांशी जोडलेला असतो. लेखापरीक्षकाने कंपनीच्या हिशेबांवर 'क्वालिफाइड ओपिनियन' दिलं, तर त्याचा अर्थ त्याला काही बाबींवर आक्षेप आहेत. आक्षेप नसलेला स्वच्छ अभिप्राय तो 'अनक्वालिफाइड ओपिनियन'. आंतरराष्ट्रीय लेखापरीक्षण मानकांत त्याला आता 'अनमॉडिफाइड ओपिनियन' म्हणतात. मराठीतून विचार करणारा वाचक इथे हमखास उलटा अर्थ घेतो, म्हणून हा शब्द वहीत वेगळा लिहून ठेवण्याच्या लायकीचा आहे.

'एलिजिबल' क्षमतेचा शब्दच नाही. तो नियमात बसण्याचा शब्द. अठरा वर्षांचा माणूस मतदानाला 'एलिजिबल' असतो. तो विचारपूर्वक मत देण्याइतका 'केपेबल' आहे का, हा निराळा प्रश्न. मराठीत दोन्हीला 'पात्र' म्हणता येतं, इंग्रजीत ते फारकत घेतात.

पायरी ६: नकार देताना दोष कुणाच्या माथी जातो?

अक्षमतेची विशेषणं निवडताना अर्थापेक्षा आधी दोष कुणाकडे जातो ते पाहावं. जमलं नाही हे सगळेच शब्द सांगतात. चूक कुणाची, हे प्रत्येक शब्द वेगळं सांगतो.

सर्वांत निर्दोष तो 'अनएबल'. त्यात दोषारोप नाही, कारणही सांगावं लागत नाही.

'पॉवरलेस'मध्ये दोष परिस्थितीचा किंवा व्यवस्थेचा. 'द कमिटी वॉज पॉवरलेस टु स्टॉप इट': समितीला थांबवायचं असेलही, पण अधिकारच नव्हते. 'हेल्पलेस'मध्ये असहायता आहे, त्यात करुणा येते. 'हेल्पलेस' आणि 'अनहेल्पफुल' एक समजू नका. पहिल्याला मदतीची गरज आहे, दुसरा मदत करत नाही.

'इनकपॅसिटेटेड' म्हणजे आजार, अपघात किंवा औषधाच्या प्रभावामुळे काही काळ किंवा कायमचा अक्षम झालेला. बाहेरून आलेलं कारण यात गृहीत असतं, म्हणून दोष नाही. वैद्यकीय आणि कायदेशीर लेखनात तो वारंवार येतो.

'अनफिट' हा निर्णयाचा शब्द. कुणीतरी तपासून 'योग्य नाही' असं ठरवलंय. 'अनफिट फॉर ह्यूमन कन्झम्प्शन' म्हणजे माणसाने खाण्यायोग्य नाही. पण 'अनफिट पेरेंट' हा शब्दप्रयोग अत्यंत गंभीर आहे. मुलाचा ताबा कुणाकडे द्यायचा, अशा खटल्यात तो येतो. सहज बोलण्यात तो कुणाबद्दल वापरू नये.

'इनकॉम्पिटंट' थेट टीका आहे. काम ज्याचं आहे त्यालाच ते नीट येत नाही, असा त्याचा अर्थ. सहकाऱ्याबद्दल लेखी स्वरूपात हा शब्द वापरणं म्हणजे आरोप करणं, त्यामुळे पुराव्याशिवाय नकोच. न्यायालयात मात्र तो अपमान नसतो. मानसिक स्थितीमुळे खटला समजून घेऊ न शकणाऱ्या आरोपीबद्दल 'नॉट कॉम्पिटंट टु स्टँड ट्रायल' म्हणतात, ती एक तांत्रिक नोंद असते.

'इनेप्ट' त्याहून बोचरा. न येणं आणि वर ओबडधोबडपणा. 'ॲन इनेप्ट अपॉलजी' म्हणजे अशी माफी, जिने प्रकरण आणखी चिघळतं. 'ॲडेप्ट' आणि 'इनेप्ट' ऐकायला जोडीचे वाटतात, पण मुळं वेगळी आहेत: 'ॲडेप्ट' लॅटिनमधल्या 'प्राप्त केलेलं' या अर्थाच्या शब्दातून आला, 'इनेप्ट' 'न जुळणारं' या अर्थाच्या शब्दातून. म्हणूनच 'इनेप्ट'मध्ये विसंगतीचा, प्रसंगाला न शोभण्याचा रंग आहे, जो 'इनकॉम्पिटंट'मध्ये नाही.

'इनइफेक्च्युअल' म्हणजे धडपड करूनही ज्याचा काही प्रभाव पडत नाही असा. प्रयत्न नाकारलेला नाही, परिणाम नाकारलेला आहे.

'इम्पोटंट'पासून दूर राहणं बरं. साहित्यात 'इम्पोटंट रेज', म्हणजे काहीच करता न येणारा संताप, असा प्रयोग होतो. पण पुरुषाबद्दल तो शब्द आला की वाचकाच्या मनात आधी लैंगिक अर्थ येतो. बोलताना 'इम्पॉर्टंट'च्या जवळ जाणारा उच्चार झाला तर घोटाळा वेगळाच. 'पॉवरलेस' वापरलं की प्रश्न मिटतो.

घरगुती बोलीत स्वतःबद्दल 'आय ॲम हॅपलेस ॲट ड्रॉइंग' म्हणत नाहीत, 'आय ॲम होपलेस ॲट ड्रॉइंग' म्हणतात: मला चित्रकला अजिबात जमत नाही. यात निराशा नसते. 'हॅपलेस' म्हणजे दुर्दैवी, तो निराळा शब्द.

माणसांच्या अपंगत्वाबद्दल लिहिताना

इथे शब्द चुकला तर माणूस दुखावतो, म्हणून थोडं थांबून लिहितो. 'डिसेबल्ड' म्हणजे 'अनएबल' नव्हे, आणि 'इनकेपेबल' तर नव्हेच. चाकाच्या खुर्चीवरून फिरणारा वकील डिसेबल्ड असू शकतो आणि अत्यंत केपेबलही.

जागतिक आरोग्य संघटनेने 1980 मध्ये 'इम्पेअरमेंट', 'डिसॅबिलिटी' आणि 'हँडिकॅप' असे तीन स्तर वेगळे केले होते. पहिला शरीराच्या कार्यातला दोष, दुसरा त्यामुळे कामात येणारी मर्यादा, तिसरा समाजात वावरताना होणारं नुकसान. 2001 मध्ये नवीन वर्गीकरण आलं आणि त्यातून 'हँडिकॅप' गळला. आज माणसाबद्दल 'हँडिकॅप्ड' हा शब्द जुना आणि अनेकांना खटकणारा ठरतो.

संयुक्त राष्ट्रांनी 2006 मध्ये जो करार स्वीकारला, त्याच्या नावात 'पर्सन्स विथ डिसॅबिलिटीज' असा प्रयोग आहे. माणूस आधी, अवस्था नंतर, ही त्यामागची दृष्टी. ब्रिटनमध्ये अनेक जण 'डिसेबल्ड पीपल' पसंत करतात. त्यांचं म्हणणं असं की अडथळे समाजाने उभे केलेत, त्यामुळे माणसं 'डिसेबल' केली गेली आहेत. दोन्ही प्रयोग स्वीकार्य आहेत. 'द डिसेबल्ड' असं म्हणून सगळ्यांची एकच मोट बांधणं टाळावं. 'डिफरंटली एबल्ड' आपल्याकडे आदराने वापरला जातो, पण ज्यांच्याबद्दल तो वापरायचा त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना तो वास्तवावर पांघरूण घातल्यासारखा वाटतो. समोरची व्यक्ती स्वतःबद्दल जो शब्द वापरते तोच आपण वापरावा.

वस्तूंबद्दल लिहिताना

वस्तूंना 'केपेबल' चांगला शोभतो: 'ॲन इंजिन केपेबल ऑफ रनिंग ऑन बायोफ्युएल'. 'एबल' सजीवांकडे झुकतो, पण सॉफ्टवेअरसारख्या गोष्टींबद्दल सर्रास चालतो. कर्मणी रचना आली की मात्र 'एबल' अवघडतो. 'द मशीन इज एबल टु बी रिपेअर्ड' असं कोणी सहसा लिहीत नाही. 'द मशीन कॅन बी रिपेअर्ड' किंवा थेट 'रिपेअरेबल'.

हा 'एबल' प्रत्यय बहुधा 'करता येण्याजोगं' असा अर्थ देतो: 'वॉशेबल' म्हणजे धुता येण्याजोगं. पण 'पेरिशेबल' म्हणजे नाशवंत, आणि 'नॉलेजेबल' म्हणजे जाणकार. त्यामुळे प्रत्यय दिसला की अर्थ ठरला असं समजू नका. सर्वांत धोकादायक शब्द 'इन्फ्लेमेबल'. त्यातला 'इन' नकाराचा नाही. 'इन्फ्लेमेबल' आणि 'फ्लेमेबल' दोन्ही पेट घेणारेच. न पेटणाऱ्याला 'नॉन-फ्लेमेबल' म्हणतात. डब्यावर हा शब्द दिसला तर त्याला आगीपासून लांब ठेवा.

पायरी ७: जोर देणारा शब्द जुळतो का?

'व्हेरी' सगळीकडे चालत नाही. 'व्हेरी केपेबल', 'व्हेरी कॉम्पिटंट' ठीक. 'व्हेरी अनएबल' चूक. तिथे 'क्वाइट अनएबल' किंवा 'टोटली अनएबल'. 'इनकेपेबल'ला 'अटर्ली' किंवा 'कम्प्लीटली' शोभतो. 'स्किल्ड'ला 'हायली'. जेमतेम जमतंय असं सांगायचं तर 'बेअरली एबल टु स्पीक'. 'यू आर परफेक्टली केपेबल ऑफ डुइंग इट' या वाक्यात प्रोत्साहन आहे, पण आवाज चढवून म्हटलं तर 'तुला जमतं, तू करत नाहीस' अशी तक्रारही आहे.

नामाच्या आधी आला की 'एबल'चा अर्थच बदलतो. 'ॲन एबल ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणजे कर्तबगार प्रशासक. इथे 'टु' लागत नाही, आणि हे वजनदार कौतुक आहे. 'अ केपेबल ॲडमिनिस्ट्रेटर'ही कौतुकच.

एक शिफारसपत्र, वाक्यागणिक

हे सगळं एकदम लक्षात राहणार नाही. एखादा खरा मजकूर घेऊन त्याला हे प्रश्न विचारत गेलं की हात बसतो. समजा, एका शिक्षिकेसाठी कोणी असं शिफारसपत्र लिहिलं आहे:

'शी इज अ कॉम्पिटंट टीचर. शी इज केपेबल टु हँडल लार्ज क्लासेस. शी इज अनक्वालिफाइड इन म्युझिक बट शी इज एबल इन इट. लास्ट इयर शी कुड रेज द रिझल्ट्स. शी इज इनकेपेबल ऑफ जॉइनिंग बिफोर जून.'

पहिल्या वाक्यात दर्जाचा प्रश्न विचारायचा. शिफारसपत्रात नुसतं 'कॉम्पिटंट' म्हणजे बरी आहे इतकंच. लिहिणाऱ्याला मनापासून कौतुक करायचं असेल तर 'गिफ्टेड' किंवा 'हायली स्किल्ड' हवं. कोणतं, ते तिच्या शिकवण्यात उपजत देणगी जास्त आहे की कमावलेली तयारी, यावर ठरेल.

दुसऱ्यात जोडणी चुकली आहे: 'केपेबल ऑफ हँडलिंग'. पण मोठा वर्ग सांभाळणं ही माणसं हाताळण्याची नाजूक कला आहे, तेव्हा 'ॲडेप्ट ॲट हँडलिंग' अधिक बोलकं.

तिसऱ्यात 'अनक्वालिफाइड' आल्याने वाक्य नकाराने सुरू होतं, आणि 'एबल इन' अशी रचना इंग्रजीत नाही. तिच्याकडे संगीताची पदवी नाही हे सांगणं आवश्यक असेल तर 'फॉर्मल ट्रेनिंग' नाही असं म्हणावं. गुणवत्तेवर शिक्का बसत नाही.

चौथं वाक्य एका वर्षात प्रत्यक्ष साध्य झालेल्या गोष्टीचं. तिथे 'कुड' नाही, 'वॉज एबल टु' हवं.

पाचवं वाक्य सर्वांत घातक, कारण जूनच्या आधी रुजू होता येत नाही ही प्रसंगाची अडचण आहे आणि शब्द प्रकृतीचा पडला आहे. 'अनएबल टु जॉइन'.

सुधारलेलं पत्र असं होईल:

'शी इज अ हायली स्किल्ड टीचर, पर्टिक्युलरली ॲडेप्ट ॲट हँडलिंग लार्ज क्लासेस. दो शी हॅज नो फॉर्मल ट्रेनिंग इन म्युझिक, शी टीचेस इट वेल. लास्ट इयर शी वॉज एबल टु रेज हर क्लासेस रिझल्ट्स. शी इज अनएबल टु जॉइन बिफोर जून.'